पुढचं चाक मागेही बसतं

पोर्शेची जुनी बॉक्स्टर बाजूने पाहिली, तर तिचं पुढचं आणि मागचं चाक सारखंच दिसतं. तेच आरे, मधे तेच बोधचिन्ह, तीच १७ इंची रिम. टेप लावून उंची मोजली तरी फरक हाती लागत नाही. पुढच्या टायरवर छापलेलं असतं २०५/५० आर १७ आणि मागच्यावर २५५/४० आर १७. पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे रबरी भिंतीची उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यांत. शेवटचा म्हणजे रिमचा व्यास, तो इंचांत. (एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. ऑफिसात कुणी असा डेटा पाठवला असता तर मी कोड रिव्ह्यूत परत धाडला असता.) आता गणित करा. पुढे भिंत १०२.५ मिलिमीटर, वरची आणि खालची मिळून २०५, रिमचे ४३१.८, एकूण ६३६.८. मागे भिंत १०२, दोन्ही मिळून २०४, एकूण ६३५.८. म्हणजे नव्या टायरांच्या उंचीत फरक फक्त एका मिलिमीटरचा.

खरा फरक दिसतो तो गाडीच्या मागे जाऊन उकिडवं बसल्यावर. मागचा टायर पुढच्यापेक्षा तब्बल ५० मिलिमीटर रुंद आहे. आपल्या तीन बोटांएवढा.

गंमत अशी की दोन्ही चाकांची भोकं मात्र सारखीच. पाच बोल्ट, १३० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. मधलं भोकही एकाच मापाचं, ७१.६. त्यामुळे पुढचं चाक मागे लावलं तर ते बसतं. बोल्ट नीट आत जातात, आटे अडत नाहीत, पाना व्यवस्थित घट्ट होतो. गाडी सुरू केली तर डॅशबोर्डवर एकही दिवा लागत नाही, कारण चाकांच्या फिरण्याच्या वेगात गाडीला काही वावगं जाणवत नाही. उंची सारखीच ना! आमच्या धंद्यात अशा प्रकाराची सगळ्यात जास्त भीती असते. प्रोग्रॅम कंपाइल होतो, चालतो, एरर येत नाही, आणि उत्तर चुकीचं असतं.

रिमच्या आत आणखी एक आकडा कोरलेला असतो. पुढे ईटी ५५, मागे ईटी ५०. रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिलिमीटर बाहेर आहे, ते हा आकडा सांगतो. पुढची रिम ७ इंच रुंद, मागची साडेआठ. हे सगळं वहीत मांडलं, तर मागचं चाक पुढे लावल्यावर त्याची रिम मूळ जागेपेक्षा २४ मिलिमीटर बाहेर येते आणि १४ मिलिमीटर आत घुसते. पुढचं मागे लावलं तर याच्या बरोबर उलट, म्हणजे मडगार्डच्या आत चोवीस मिलिमीटर खोल जाऊन बसतं. मोठ्या मापाचा शर्ट घातलेल्या पोरासारखं दिसतं ते.

हे मला पाठ असण्याचं कारण म्हणजे माझ्याकडे अशी एक गाडी आहे. पुण्यातून स्टुटगार्टला आलो त्याला तीन वर्षं झाली. इथे वाहनउद्योगात कोड लिहिणारी मराठी मुलं इतकी आहेत की शनिवारी भारतीय किराणा दुकानात गेलं की 'काय, कधी आलास?' ऐकू येतंच. (मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८पासून भगिनी-शहरं आहेत. पण इथे भेटणारे बहुतेक जण पुण्याहून आलेले.) माझी बॉक्स्टर २००१ची. तिच्या आधीच्या मालकाचं वय झालं होतं आणि इतक्या बुटक्या गाडीतून उठताना त्याचे गुडघे दुखायचे. ज्या किमतीत ती मिळाली, त्या किमतीत नवी छोटी हॅचबॅकही आली नसती. चासी नंबरमधलं अकरावं अक्षर 'यू' आहे, म्हणजे ही गाडी स्टुटगार्टला नाही, तर फिनलंडमधल्या उसिकाउपुंकी नावाच्या गावात जोडलेली. कुणी 'खरी जर्मन का?' असं विचारलं की मी विषय बदलतो.

जर्मनीत वर्षातून दोनदा चाकं बदलतात. ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत हिवाळी टायर, मग उन्हाळी. एक संच गाडीवर असताना दुसरा कुठेतरी ठेवावा लागतो, आणि घर लहान असलं की लोक तो गॅरेजमध्ये भाड्याने ठेवतात. याला इथे चक्क टायरांचं हॉटेल म्हणतात. पहिल्या वर्षी मीही तेच केलं. वसंतात गाडी आणायला गेलो, किल्ली घेतली, पैसे दिले आणि सवयीप्रमाणे गाडीला एक फेरी मारली. मागे आलो आणि थांबलो. उजवीकडचा टायर मडगार्ड भरून उभा होता. डावीकडचा आत कुठेतरी हरवल्यासारखा होता. डाव्या बाजूची दोन चाकं अदलाबदल झाली होती. उजवीकडची दोन्ही बरोबर होती.

गॅरेजच्या मालकाने माफी मागितली आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या शिकाऊ पोराकडे बघितलं. वीस मिनिटांत चाकं दुरुस्त झाली. त्या पोराला मात्र मी मनातूनही फार बोलू शकलो नाही. सोळा-सतरा वर्षांचा असेल. दिवसाला दहा-बारा गाड्या उरकायच्या, बहुतेकांना चारही चाकं एकाच मापाची, आणि हे चाक तर निमूटपणे जाऊन बसलेलं. चूक करायला जागा होती, पण चूक झाली हे सांगायला तिथे काहीच नव्हतं.

रात्री मात्र झोप लागली नाही. मी कागदावर गाडी काढली आणि बाण मारत बसलो.

कुठलाही टायर वळणावर जिकडे त्याचं तोंड असतं नेमका तिकडे जात नाही. रबर पिळवटतं आणि चाक जरासं तिरकं सरकत जातं. या तिरकेपणाच्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. पुढच्या चाकांचा कोन मागच्यांपेक्षा मोठा होत गेला की गाडीचं तोंड वळणाबाहेर जाऊ लागतं. याला म्हणतात अंडरस्टिअर. मागच्यांचा मोठा झाला की शेपूट बाहेर येते, तो ओव्हरस्टिअर. आता माणूस घाबरला की काय करतो? ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतो. पाय उचलला की गाडीचं वजन पुढे झुकतं. तोंड बाहेर जात असेल, तर पुढच्या चाकांवर वजन आल्याने त्यांना पकड मिळते आणि गाडी निमूट परत वळते. शेपूट बाहेर येत असेल, तर मागची चाकं आणखी हलकी होतात आणि गाडी गिरकी घेते. म्हणजे तीच घाबरगुंडी एका ठिकाणी वाचवते, दुसऱ्या ठिकाणी मारते.

बॉक्स्टरचं इंजिन माणसाच्या पाठीमागे, मागच्या ॲक्सलच्या जरा पुढे असतं. वजन मागे थोडं जास्त, आणि रस्त्यावर ताकद लावायचं कामही मागच्याच चाकांचं. म्हणून मागे रुंद टायर, म्हणजे वळणावर पकड सुटायची वेळ आलीच, तर ती आधी पुढच्यांची सुटावी. रुंद टायर शोभेसाठी असतात हा समज निदान या गाडीपुरता तरी सोडा. तुम्ही-आम्ही घाबरलो की काय करणार हे कुणीतरी आधीच ओळखून ठेवलंय, आणि त्याची सोय त्या ५० मिलिमीटरमध्ये केलीय.

आता डावी बाजू उलटी लावलेली गाडी घ्या. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर येतं आणि ती बरोबर आहेत. गाडी शहाण्यासारखी वागणार. उजवीकडे वळताना वजन डाव्यांवर येतं आणि तिथे रुंद चाक पुढे, अरुंद मागे. म्हणजे एकाच गाडीचे दोन स्वभाव, कुठला पुढे येणार ते वळणावर ठरणार. गावातल्या तीसच्या वेगात हे कधी कळलंही नसतं. आणि जर्मन महामार्गावरून बाहेर पडायची वाट उजवीकडून असते. गॅरेजपासून माझ्या घरापर्यंतचं पहिलं वेगातलं वळण म्हणजे असाच एक उजवीकडे गोल फिरत उतरणारा रस्ता. त्या दिवशी पाऊसही होता.

पुढच्या आठवड्यात मी जॅक आणि टॉर्क रेंच विकत घेतला आणि तळघरात जागा केली. तेव्हापासून चाकं मीच बदलतो.

*

अण्णा गेल्या मार्चमध्ये आले. नव्वद दिवसांचा व्हिसा, दोन बॅगा, त्यातल्या एकीत फक्त भडंग आणि चटण्या. अण्णांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केली, त्यातली शेवटची बारा वर्षं टायर सेक्शनला. सांगलीला आमच्या घरी टायर हा विषय जेवतानाही निघायचा. आमची मारुती झेन होती तेव्हा दर पाच हजार किलोमीटरला रविवारी सकाळी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे हा कार्यक्रम ठरलेला. चहाच्या आधी. मी टॉमी धरायचो. 'चारी सारखे झिजले पाहिजेत' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की इंजिनिअरिंगला लोड डिस्ट्रिब्यूशन शिकवायला लागले तेव्हा मला पहिल्यांदा झेनच आठवली.

ईस्टरच्या आधीच्या शनिवारी मी तळघरातून उन्हाळी चाकं वर आणली. अण्णा आधीच खाली येऊन उभे. मफलर, कानटोपी, हातात माझे जुने ग्लोव्ह्ज. त्यांनी एकेका टायरवरून अंगठा फिरवला.

"पुढचे तर कोरे आहेत की रे. मागचे निम्म्यावर आलेत. टाक उलटेपालटे करून."

"या गाडीला नाही चालत अण्णा. मागचे रुंद आहेत."

त्यांनी दोन चाकं शेजारी शेजारी उभी केली, वाकून बघितलं. "आहेत खरे." मग मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला हात घातला, जिथे गाडीला लावल्यावर डोळा पोचत नाही, आणि हात तसाच ठेवून माझ्याकडे बघितलं. "इकडं बघितलंयस का? बाहेर नक्षी आहे, आत गोटा झालाय."

मापाच्या काडीने पाहिलं. बाहेरच्या कडेला ४ मिलिमीटर, आतल्या कडेला २. कायद्याने किमान १.६ लागते. या गाडीची मागची चाकं वरच्या बाजूने थोडी आत झुकलेली असतात, त्यामुळे आतली कड आधी झिजते, हे मला माहीत होतं आणि त्यासाठीच मी काडी घेऊन बसलो होतो. अण्णांच्या अंगठ्याने ते काडीच्या आधी सांगितलं.

मग अण्णा माझ्या टायरांना वाचवायला बसले. दुसरा शब्द नाही. रिमवरून काढून उलटे घालू, म्हणजे आतली कड बाहेर येईल. मी टायरच्या भिंतीवरचं 'आउटसाइड' दाखवलं. या टायरची नक्षी आत वेगळी आणि बाहेर वेगळी, उलटा घालता येत नाही. मग डावा उजवीकडे घाल. ते चालतं, कारण याला फिरण्याच्या दिशेचा बाण नाही. पण आतली कड तिकडेही आतच राहणार, मग उपयोग काय? मग रिमोल्ड. या मापात, एवढ्या वेगाच्या टायरला इथे कुणी रिमोल्ड करून देत नाही. शिवाय भिंतीवर 'एन'चा शिक्का असलेला टायर लागतो, म्हणजे पोर्शेने तपासून मान्य केलेला, आणि पुढे-मागे एकाच बनावटीचा.

"म्हणजे तुमच्या टायरला एकच जन्म," अण्णा म्हणाले आणि उठून वर गेले.

त्यांना वाईट वाटलं होतं. पैशांचं नाही, कारण पैसे माझे होते आणि ते मी मिळवतो याचा त्यांना आनंदच आहे. ज्या माणसाने बारा वर्षं टायरचे दुसरे आणि तिसरे जन्म केले, त्याला मी एका सकाळी चार वेळा 'नाही' म्हणालो होतो. चारही वेळा माझं बरोबर होतं, आणि त्याने काही बरं वाटत नव्हतं. आमच्या पिढीला आईबापांना फोनचं सेटिंग सांगताना जो एक आवाज लागतो, तोच आवाज मला लागला होता. आणि इथे विषय फोनचा नव्हता, टायरचा होता.

जेवताना मी सांगितलं की दोन नवे मागवलेत, मागे लावायला. अण्णांनी मान वर केली.

"नवं मागं?"

"हो. मागेच."

"नवं पुढं असतंय. एसटीला आम्ही नवा टायर कायम पुढं टाकायचो. रिमोल्ड मागं. ह्यात बदल नाही."

माझ्या गाडीला दुसरा पर्यायच नव्हता, मापच वेगळं. पण त्यांचा प्रश्न माझ्या गाडीपुरता नव्हता, आणि तो खरा होता. साध्या, चारही टायर सारखे असलेल्या गाडीतसुद्धा दोनच नवे घेतले तर ते मागे लावा, असंच इथली एडीएसी ही वाहनचालकांची संघटना सांगते, टायर कंपन्याही सांगतात. मी लॅपटॉप काढणार होतो. स्लिप अँगलच्या आकृत्या तयार होत्या. पण अण्णा आधी बोलले.

"बसला मागं जोडचाक. चारातला एक फुटला तर ड्रायव्हरला घाटातसुद्धा पत्ता लागत नाही, डेपोत आल्यावर कळतंय. पुढं एकेकच. तो फुटला की स्टिअरिंग हातातून जातंय. म्हणून नवा पुढं." मग थोडा वेळ ते भात कालवत राहिले. "तुझ्या गाडीला मागं पण एकेकच."

"हो."

"आणि मागचं सुटलं तर फिरणार."

"हो."

"नायलॉन-रेडियलसारखं."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. रेडियल टायर नवे नवे आले होते तेव्हाची गोष्ट. गावातल्या एकाकडे वडाप जीप होती. त्याने दोनच रेडियल घेतले आणि हौसेने पुढे टाकले. मागे जुने नायलॉन. पुढची पकड एकदम वाढली, मागची होती तेवढीच. आंबा घाटात पहिल्या पावसात एका वळणावर जीपने मागचा भाग पुढे आणला आणि आल्या दिशेला तोंड करून उभी राहिली. डोंगराच्या अंगाला फिरली म्हणून आतली माणसं वाचली. त्यानंतर वर्षभर अण्णा ओळखीच्या प्रत्येक जीपवाल्याला थांबवून मागचे टायर बघायचे. "पुढं रेडियल, मागं नायलॉन घालायचं नाही. मागं रेडियल, पुढं नायलॉन एक वेळ चालेल. कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. जीप बघून कळलं."

मी लॅपटॉप उघडला नाही.

*

नवे टायर यायला आठ दिवस होते. रविवारी त्सुफेनहाउझनला पोर्शेच्या संग्रहालयात गेलो. अण्णांना शर्यतीच्या गाड्यांत काडीचा रस नव्हता. ते प्रत्येक गाडीच्या मागे जाऊन उकिडवे बसत होते. तिथल्या पहारेकरी बाईंची नजर आमच्यावर खिळलेली होती. मी त्यांना जुन्या ९११ची गोष्ट सांगितली. इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे, त्यामुळे शेपूट जड. सुरुवातीच्या वर्षांत कंपनीने पुढच्या बंपरच्या दोन टोकांत अकरा-अकरा किलोचं लोखंड भरलं, नाक जड व्हावं म्हणून. अण्णा मोठ्याने हसले. "आपल्याकडं ट्रॅक्टरला पुढं वजन लावतात की!" मग १९६९च्या मॉडेलला पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ५७ मिलिमीटरने वाढवलं. आणि १९७३च्या कॅरेरा आरएसला पुढे ६ इंची आणि मागे ७ इंची रिम आली. एका इंचाचा फरक. तिच्या मागे अण्णा बराच वेळ बसले. एवढ्या मोठ्या कंपनीलाही आधी लोखंड भरून बघावं लागलं, याचा त्यांना फार आनंद झाला असावा.

कॅरेरा जीटीपाशी मात्र त्यांनी मला हाताला धरून ओढलं. तिला चाकाला पाच बोल्ट नाहीत, मधे एकच मोठा नट आहे. डावीकडे लाल, उजवीकडे निळा.

"रंग का वेगळा?"

"डाव्या-उजव्याची अदलाबदल होऊ नये म्हणून."

"आमच्या जुन्या लेलँडला डाव्या बाजूच्या नटांचे आटेच उलटे असायचे. नवीन पोरगं आलं की दोन दिवस नुसतं उलटं आवळत बसायचं." ते नटाकडे बघत राहिले. "रंग बरा. कळतंय तरी."

परत येताना ट्रेनमध्ये मी त्यांना गॅरेजची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच. घरी फोनवर कधी बोललो नव्हतो, उगाच काळजी नको म्हणून. ते खिडकीबाहेर बघत ऐकत होते. मला वाटलं गॅरेजवाल्याला शिव्या घालतील. त्यांनी विचारलं, "त्या पोराला कुणी दाखवलं का, कसं ओळखायचं ते? का नुसतं रागावले?"

मला माहीत नव्हतं.

*

टायर आले, रिमवर चढवून आणले. बॉक्स्टरला चाक लावताना एक कटकट असते. मारुतीला हबवर स्टड असतात, चाक त्यावर अडकवायचं आणि नट फिरवायचे. इथे हबवर नुसती भोकं, बाहेरून बोल्ट. म्हणजे जड चाक एका हाताने तोलून धरायचं आणि दुसऱ्या हाताने पहिला बोल्ट भोकात शोधायचा. त्यासाठी गाडीच्या टूलकिटमध्ये एक आट्यांची दांडी येते. ती आधी हबमध्ये फिरवायची, चाक तिच्यावर सरकवायचं, बाकीचे बोल्ट लावायचे आणि शेवटी दांडी काढून पाचवा बोल्ट. अण्णांनी ती दांडी हातात घेऊन फिरवली आणि "हे हुशारीचं काम केलंय" म्हणाले. संग्रहालयातल्या एकाही गाडीला हे सर्टिफिकेट मिळालं नव्हतं.

बोल्ट आवळायचे ते समोरासमोरचे, एक सोडून एक, म्हणजे चाक तिरकं बसत नाही. हे त्यांना सांगायची गरज नव्हती. माझ्या गाडीला १३० न्यूटन-मीटर लागतात. अण्णा म्हणाले, हाताला कळतंय. त्यांनी एका चाकाचे पाचही आवळले, मग मी रेंच १३० वर लावून तपासला. पाचही ठिकाणी बोल्ट जराही न हलता टक्क आवाज आला.

"बघ," ते म्हणाले.

अडचण अशी आहे की तो आवाज एवढंच सांगतो की किमान तेवढं आवळलंय. किती जास्त आवळलंय ते रेंच सांगत नाही. ज्या हातांनी पंचवीस वर्षं बसचे नट आवळले, त्या हातांचं 'बेताचं' किती असेल याचा मला अंदाज होता. मी पाचही बोल्ट सैल केले. ते सोडवताना मला रेंचवर जवळजवळ उभं राहावं लागलं. अण्णांनी ते बघितलं, काही बोलले नाहीत. उरलेल्या तीन चाकांना त्यांनी स्वतःहून रेंच मागून घेतला, आणि प्रत्येक आवाजाला मोठ्याने आकडा मोजला.

मग मी त्यांना शेजारी बसवून फिरायला नेलं. मुद्दाम त्याच उजव्या वळणाच्या उताराने बाहेर पडलो. रस्ता कोरडा होता, वेग बेताचा. अण्णांनी दाराची मूठ घट्ट धरली होती. वळण संपल्यावर म्हणाले, "फार खाली बसायला लागतंय ह्यात." पन्नास किलोमीटर झाल्यावर पेट्रोल पंपावर थांबून सगळे बोल्ट पुन्हा तपासले. एकही हलला नाही.

घरी येऊन हिवाळी चाकं तळघरात न्यायची होती. इथले लोक त्यांवर जर्मन आद्याक्षरं लिहून ठेवतात, पुढचं-डावं, मागचं-उजवं वगैरे. अण्णांनी खडू मागितला. पिवळा मिळाला. प्रत्येक टायरच्या नक्षीवर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं: पु. डा., पु. उ., मा. डा., मा. उ. लिहिताना आधी रुंदी हाताने मोजली, मग लिहिलं, मग परत मोजली. आमच्या तळमजल्यावरचे आजोबा तेव्हाच त्यांच्या गोल्फची चाकं खाली आणत होते. ते थांबून बघू लागले. ही लिपी कुठली, हे मी सांगितलं. अण्णांनी खुणेनेच विचारलं, तुमच्या चाकांवर लिहू का? गोल्फची चारही चाकं एकाच मापाची. पण टायरांवर दिशेचा बाण होता, म्हणजे निदान डावं-उजवं तरी पाहायला हवं. आजोबांनी चारही चाकं ओळीने उभी केली. अण्णांनी त्यांवरही लिहिलं.

ऑक्टोबरमध्ये आजोबा माझं दार वाजवत आले. हातात फोन, फोनवर टायरचा फोटो. त्यांना विचारायचं होतं, 'मा' म्हणजे पुढचं की मागचं.